उजवं कोपर

"हात टेबलावर. तळवा वर. आता जेवढा सरळ होईल तेवढा करा," लॅपटॉपवरचे डॉक्टर इंग्रजीत म्हणाले.

सौमित्रने उजवा हात लांबवला. बेसबॉलचा चेंडू फेकणारा हात. या हातासाठी डिसेंबरपासून अमेरिकेतले तीन गडगंज संघ एकमेकांवर कुरघोडी करत होते. एकाने त्याच्या नावाचा शर्ट पाठवला होता, दुसऱ्याने समुद्राकाठच्या घराचे व्हिडिओ. तिसऱ्याने, म्हणजे आज ज्यांचे डॉक्टर समोर होते त्यांनी, खास जुईसाठी मसाल्याचा डबा पाठवला होता. "बघ, बायकोवरही बोली लागली," असं म्हणून सौमित्र पोट धरून हसला होता.

जुईने दोन पट्ट्यांचं कोनमापक त्याच्या कोपरावर धरलं. खरं तर मोजायला फिजिओ येणार होती, पण सकाळीच तिची कोविड टेस्ट पॉझिटिव्ह आली. फिजिओच्या नवऱ्याने कोनमापक दाराशी ठेवलं, बेल वाजवली आणि दार उघडायच्या आत सायकलवर टांग मारली. दुसरं कुणी शोधायला वेळ नव्हता. करारावर सह्या आजच व्हायच्या होत्या. एमआरआय, रक्त, हृदय, सगळं तपासून झालं होतं. कोपर पूर्ण सरळ व्हायला किती अंश कमी पडतात, एवढंच राहिलं होतं. सप्टेंबरात नऊ पडत होते. दहाच्या वर गेले तर आम्ही नाही, असं संघाने स्पष्ट लिहिलं होतं.

एक पट्टी दंडावर, एक मनगटाच्या दिशेने, मधला खिळा हाडाच्या टोकावर. जुईने वाकून आकडा पाहिला.

"किती?" सौमित्रने मराठीत विचारलं. नजर कॅमेऱ्यात, चेहरा हसरा.

"चौदा."

"नऊ सांग."

"अरे, चौदा आहे! दुखतंय का तुला? कधीपासून?"

"तू नऊ सांग ना, प्लीज. एक सीझन टिकलं तरी बास."

"आणि मोडलं तर?"

"तिकडे मोडू दे. इथे धडधाकट कोपर घेऊन काय करू? क्लबच्या कॅन्टीनमध्ये बिटरबालनचे गोळे तळू?"

"काही अडचण?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझी बोटं गार आहेत म्हणून कुरकुरतोय," जुई इंग्रजीत म्हणाली. "परत लावते."

डॉक्टर हसले.

"आणि चौदा म्हणालीस ना," सौमित्र त्याच हसऱ्या चेहऱ्याने म्हणाला, "तर का म्हणालीस ते मला कळेल."

"रेघ चौदावर आहे म्हणून."

"एक तारीख जवळ आलीये म्हणून."

एक फेब्रुवारीला ती ग्रोनिंगनच्या प्रयोगशाळेत रुजू होणार होती. लग्न करून पुण्याहून या डच गावात येऊन चार वर्षं झाली होती. अर्जांवर अर्ज केल्यावर ते एक पत्र आलं होतं. अमेरिकेत ती पुन्हा नवऱ्याच्या व्हिसावरची बायको होणार होती, नोकरीची परवानगी नसलेली. यावर दोघं भांडले नव्हते. शहाण्यासारखे बोलले होते आणि आधी त्याचं, असं ठरलं होतं.

खिळा सेंटिमीटरभर सरकला तरी चार-पाच अंशांचा फरक पडतो. आपल्याच बोटांनी तो नकळत सरकवला तर नाही? उत्तर अमुकच यावं असं वाटायला लागलं की माप दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगायचं, हे ती कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकली होती. पण घरात दुसरं कुणी नव्हतं. दिवसाला एकच पाहुणा, रात्री नऊनंतर संचारबंदी, आणि सगळं नीउ-व्हेनेप गाव दारं लावून बसलेलं.

तिने हाडाचं टोक बोटाने चाचपलं, खिळा नेमका त्यावर टेकवला आणि श्वास रोखून पाहिलं. साडेचौदा.

म्हणजे तिची चूक नव्हती. पण हे सौमित्रला कोण पटवणार? ज्या ज्या दिवशी तो इथल्याच क्लबच्या, हुफ्डॉर्पच्या मैदानावरून घरी येईल, त्या त्या दिवशी हा आकडा कोपराचा नसेल, तिचा असेल.

"मॅडम?"

"नऊ," जुई म्हणाली.

सौमित्रचा दंड तिच्या बोटांखाली सैल पडला.

"छान. अजून दोनदा घ्या. आम्ही सरासरी काढतो."

तीनदा नेमका तोच आकडा कुणी दिला असता, तर तिनेसुद्धा त्यावर विश्वास ठेवला नसता. तिने कोनमापक उचललं, पुन्हा लावलं, वाकून पाहिलं. "दहा."

सौमित्र दचकला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. पुन्हा उचललं, पुन्हा लावलं, पुरेसा वेळ घेतला.

"नऊ."

"उत्तम!" डॉक्टर लिहू लागले. "आता डावा. तुलनेसाठी."

डावा हात सौमित्रने झोकात पसरला. हा हात कधी काही फेकत नसे. तो निमूट सरळ झाला. जुईने खिळा टेकवला. दिसलं ते म्हणून टाकायला किती सोपं होतं.

"दोन."

तिने परत लावलं. "दोन."

आणि परत. "दोन."

डॉक्टरांचं पेन थांबलं. ते चष्म्यावरून कॅमेऱ्यात पाहू लागले.

"तिन्ही वेळा दोनच? घाई करू नका, मॅडम. उजव्या हाताला पाहिलंत तसं नीट पाहा."