एका थेंबाचा प्रश्न

किटलीवरचा लाल दिवा काही लागेना. विज्ञानाच्या बाईंनी बटण खाली केलं, वर केलं, पुन्हा खाली केलं. मग छताकडे पाहिलं, तर ट्यूबलाइटही विझलेली. वीज गेली होती. जायला अख्खा दिवस पडला होता, पण मेलीला नेमका हाच तास सापडला.

मागच्या बाकावर तपासणीचे साहेब बसले होते. मांडीवर छापील कागद, हातात टोपण काढलेलं पेन. कागदावर एक रकाना होता, 'प्रयोग प्रत्यक्ष दाखवला: होय / नाही'. बाईंना तो पाठ होता. तीन वर्षं त्या या शाळेत हंगामी होत्या. पहिल्या वर्षी तपासणीच्या दिवशी त्यांचा आवाज बसला. दुसऱ्या वर्षी साहेबच आले नाहीत. आज 'होय'वर खूण झाली तर नोकरी कायम, नाहीतर सुट्टीनंतर दुसरी शाळा शोधा, असं मोठ्या बाईंनी कालच तोंडावर सांगितलं होतं. सगळं घोडं एका थेंबापाशी अडलं होतं.

सकाळी घरी हाच प्रयोग झकास जमला होता. किटलीला वाफ आली, सासूबाईंनी वर गार थाळी धरली, थाळीखाली थेंब जमले आणि टपटप पडले. यात शिकवायचं काय, असं सासूबाईंनी विचारलं, पातेल्याच्या झाकणाला रोजच तर येतात. रोजचंच शिकवणं सगळ्यात अवघड असतं, असं बाई तेव्हा ऐटीत म्हणाल्या होत्या. आता ते बोलणं चांगलंच अंगाशी आलं होतं. थाळी गार, किटली गार, आणि बाहेर एवढा गारठा की बाईंची बोटंही गार. तापलं होतं ते फक्त डोकं.

वेळ काढायला त्यांनी प्रश्न विचारले. पाण्याची वाफ होते त्याला काय म्हणतात? अडतीस पोरं एका सुरात ओरडली, बाष्पीभवन. वाफेचं पुन्हा पाणी होतं त्याला? सांद्रीभवन. तिसरा प्रश्न ओठांवर होता, तोच साहेबांनी हात वर केला.

"पाठांतर मी सकाळपासून तीन वर्गांत ऐकलं, बाई. वाफेचं पाणी होताना यांच्यापैकी कुणी पाहिलंय का?"

बाईंनी शिपायाला स्वयंपाकाच्या खोलीतली शेगडी आणायला पिटाळलं. तो हात हलवत परत आला. वर्गात जाळ करायचा नाही असा नियम आहे म्हणे, भिंतीवर कागद लावलाय, आणि त्याखाली सही साहेबांचीच. साहेबांनी मान डोलावली. नियम तसाच आहे, म्हणाले.

आणि त्यात टकळी. त्या मुलीचं खरं नाव हजेरीपटापुरतंच. बाकी सगळी शाळा तिला टकळी म्हणे, कारण तिचं तोंड एकदा सुरू झालं की घंटा होईपर्यंत मिटत नसे. "तोंडाची वाफ दवडू नकोस," बाई तिला दिवसातून दहादा बजावत. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी आज तिला खिडकीशी एकटीला बसवलं होतं. एका बाजूला बंद काच, दुसऱ्या बाजूला रिकामी जागा. मी सांगेपर्यंत एक शब्द काढायचा नाही, अशी वर तंबी. बोलेल कुणाशी?

तर ती काचेशी बोलत होती. नाक काचेला जवळजवळ टेकलेलं. तोंड उघडायचं, मिटायचं, पुन्हा उघडायचं. मध्येच ती काचेकडे डोळे बारीक करून बघे आणि पुन्हा सुरू होई.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षांची मेहनत पाण्यात चालली होती, आणि ते पाणीसुद्धा दिसायला तयार नव्हतं. थाळी टेबलावर आदळून त्या तरातरा खिडकीकडे निघाल्या. मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. साहेबही उठले होते. झालं, बाईंना वाटलं, आता शिस्तीचा रकानाही गेला.

"कुणाशी बोलतेयस?" त्यांनी दातओठ खात विचारलं.

टकळीने घाबरून नुसती मान हलवली. ओठ घट्ट मिटले आणि ती बाजूला सरकली.

काचेवर, बरोबर तिच्या तोंडाच्या उंचीला, बशीएवढा पांढरा ढग धरला होता. त्यात एक थेंब फुगत होता. बघता बघता तो जड झाला, सुटला आणि मागे स्वच्छ रेघ ओढत खाली चौकटीपर्यंत गेला. त्याच्यामागून दुसरा निघाला. पोरं बाकांवर चढून बघत होती, आणि पाठ केलेला शब्द एकालाही आठवत नव्हता.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, चौकटीवरचा थेंब बोटाने टिपला आणि ते बाईंकडे वळले.

"हे तुम्ही शिकवलंत?"

बाईंना खोटं बोलायचं नव्हतं. त्यांनी टकळीकडे पाहिलं. बोलू का, असं टकळीने भुवयांनीच विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बाईंनी तिला बोल म्हणून मान डोलावली.

"हो, सर," टकळी म्हणाली. "बाई रोज सांगतात, तोंडाची वाफ दवडू नकोस. म्हणून मी ती काचेवर जमवत होते."