दावणीचा नियम

एक निळी काडी. पाय मोडलेली लाकडी म्हैस. खिडकीबाहेर महामार्गावर खोळंबलेले कंटेनर. कोऱ्या पुठ्ठ्याचा वास. फोनवर पुन्हा पुन्हा ऐकलेलं एक वाक्य : "मॅडम, थरार पाहिजे."

शिरवळच्या कारखान्यात खोक्यांच्या थप्प्यांमधल्या टेबलावर दीपालीचा खेळ मांडला होता. नदी, गाव, गोठे, टेकडी. प्रत्येक फेरीला एक पत्ता उलटायचा. पाणी दाखवणारी निळी काडी तेवढी वर सरकायची. त्याच्या आधी म्हशी टेकडीवर न्यायच्या.

असे पटावरचे खेळ शिवतेज छापून विकायचा. हा त्याला आवडला होता, पण फार सरळ वाटत होता. म्हणून त्याने एक नियम घातला. म्हैस दावणीला जितक्या फेऱ्या राहील, तितके दुधाचे गुण. नियम मान्य असेल तर दिवाळीला खेळ दुकानात. दीपालीने फोनवर हो म्हटलं होतं. कितीतरी प्रकाशकांनी नाही म्हटल्यावर मिळालेला हा एकच होकार.

आज नियम खेळून बघायचा होता. तिसरा गडी हवा, म्हणून तिच्यासोबत सांगलीहून आलेले तिचे वडील बाळगोंडा आप्पा बसले.

आप्पांनी पहिल्याच फेरीत सगळ्या म्हशी सोडल्या. गुण शून्य. दुसऱ्या डावातही तेच. तिसरा सुरू झाला.

"आवं आप्पा, दूध तरी काढा!" शिवतेज हसला. "असं खेळलात तर जन्मात जिंकणार नाही."

"जित्राबं वर गेली न्हवं? मग झालं की."

"एक फेरी तरी थांबा. पाणी अजून कुठल्या कुठं आहे."

आप्पांचा हात पटावर थबकला. "तसंच वाटतं रं गड्या," ते म्हणाले, आणि म्हैस उचलून त्यांनी टेकडीवर ठेवली.

काही फेऱ्यांनी पुन्हा दीपालीची पाळी आली. तिच्या म्हशी अजून दावणीला होत्या. सगळ्यांत जास्त गुण तिचेच होते. पत्ता उलटायला तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग ती एकेक सोंगटी पिशवीत भरू लागली.

"सर, हा नियम नको."

"मग मला छापता येणार नाही."

"नका छापू."

शिवतेजने पत्त्यांची गड्डी तिच्यापुढे सरकवली. आप्पांनी पट मिटून काखेत घेतला. सांगलीची एसटी यायला वेळ होता. थांब्यावर ते हळूच म्हणाले, "पोरी, माझ्यापायी मोडलंस व्हय?"

"नाही आप्पा."

दोन हजार पाचच्या पुरात गोठा कोरडा राहिला होता, म्हणून दोन हजार एकोणीसला आप्पांनी म्हशी बांधूनच ठेवल्या, आणि त्यांची दावी सोडायला पाण्यात उतरलेली चंपाबाई, दीपालीची आई, परत आली नाही.