चेहरा काकांकडे आला

गल्लीच्या अडीअडचणीला धावणाऱ्या काकू गेल्या, तेव्हा चौकात त्यांचा मातीचा पुतळा सगळ्यांनी मिळून करायचं ठरलं. शिल्पकार बाईंची अट एकच होती, फोटो बघायचा नाही. ज्याला जे आठवतं ते त्याने घडवायचं. शिंप्याने हात केले, दूधवाल्याने पावलं केली. चेहरा आपसूक काकांकडे आला.

"चाळीस वर्षं संसार केलात, काका. तुम्ही तर डोळे मिटूनही कराल," शेजारची सून म्हणाली.

काका तीन दिवस मातीशी झटले. नाक केलं, मोडलं. डोळे केले, पुसले. चौथ्या दिवशी दमून ते पुतळ्याच्या मागे गेले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी मागची बाजू पुरी केली. डावा खांदा जरा खाली, मानेवर सैल अंबाडा.

शेजारची सून बघतच राहिली. "अगंबाई, अगदी काकूच उभ्या आहेत! मग चेहऱ्यापाशीच कुठे घोडं अडलं हो?"

काका हाताची माती खरवडत म्हणाले, "मी जेवायला बसायचो, तेव्हा ती ओट्याकडे तोंड करून उभी असायची, पोरी."


"मला तिची पाठच तेवढी पाठ आहे."