आईला खाली कुठं घ्यायचं

“तिला आता खाली घ्या,” उद्धवमामा म्हणाले. खाटेवर आईच्या घशात घरघर लागली होती. जीव जायच्या आधी माणूस भुईवर घ्यावा, एवढं तर कुणाला सांगावं लागत नाही.

रेणुकानं सेलूहून येतानाच तुळशीची पानं पदराला बांधून आणली होती. तिनं हॉलच्या मधोमध चटई झटकली.

“ताई, तिथं नको!” भावजय वैदेही धावत आली. “कालच पॉलिश झालंय. मार्बल हाय. तेल पडलं की आत शिरतं, हळदीचा डाग तर निघतच न्हाई. पॉलिशवाल्यानं पाण्याचा थेंबसुद्धा सांडू नका म्हणलंय.”

“मंग आईला सांगू का, जरा थांब, फरशी मुरू दे?”

वैदेही हटली नाही. खाली प्लास्टिक टाकू म्हणाली. मामा भडकले, “प्लास्टिकवर काय पापड वाळवायचेत का? भुई लागाय पायजे अंगाला.” मग मागची खोली बघितली. तिथंही मार्बल. स्वयंपाकघरात ग्रॅनाइट, त्यावर तेल उमटतं. देवघराच्या खोलीत टाइल्सच्या फटीतलं सिमेंट ओलं. एवढं मोठं घर बांधलं, आणि त्यात म्हातारीला मरायला जागा निघेना.

शेवटी विवेक बोलला. आईचा एकुलता एक लेक. इतका वेळ दारात उभा राहून मोबाइल चोळत होता.

“पार्किंगमधी घेऊ. तिथं खडबडीत टाइल्स हायेत, डागाची भानगड न्हाई. हवा पण खेळती हाय.”

“मेल्यावर बाहेर काढतेत रे माणूस,” रेणुका ओरडली. “तू जित्या आईला काढायलास?”

“गुरुवारी वास्तुशांती हाय, ताई. लोक येतील. समजून घे ना जरा.”

मामांनी मान वर केली नाही. त्यांनी खाली घ्या म्हणलं होतं, कुठं ते म्हणलं नव्हतं.

विवेकनं कार रस्त्यावर काढली. चौघांनी चादरीचे चार कोपरे धरले. “जपून, जपून,” वैदेही सारखी म्हणत होती. उचलताना खाटेचा पाय सरकून फरशीला ओरखडा पडू नये म्हणून.

पार्किंगमध्ये गाडीच्या ऑइलचा वास होता. आईला तिथं टेकवलं. रेणुकानं ओठांवर तुळशीचं पान ठेवून चमच्यानं पाणी घातलं. ते गालावरून ओघळून टाइल्सवर सांडलं. पुसायला कुणी धावलं नाही.

तेवढ्यात आईनं डोळे उघडले. वर पत्रा. बाजूला लोखंडी फाटक, त्याच्या पलीकडून ऑटो जायलेले. तिला उमजेना.

“दवाखान्यात आणलं का मला?”

“न्हाई गं आई.” विवेक तिच्याजवळ उकिडवा बसला. “घरीच हायेस. आपल्याच घरी.”

“मंग घरात घे की, बाबा.”

रेणुकानं चमचा टाकला आणि आईच्या काखेत हात घातले. उचलून बघितलं. एकटीला जमेना. तिनं एकेकाकडं पाहिलं. मामा तंबाखू मळायला लागले. विवेक रस्त्यावरच्या कारकडं बघत राहिला. वैदेही उंबऱ्यावर उभी होती, दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून.

आईचे पाय धरायला कुणी वाकलं नाही.