मिनिटाला पंधरा

नर्सिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकासाठी टेबलावर देहदानातून आलेला एक माणूस होता. त्याचा मेंदू मेलेला होता. यंत्र त्याची फुप्फुसं हलवत होतं आणि हृदय चालू ठेवत होतं. अन्विता गेडामने घड्याळ लावून त्याचे मिनिटाचे श्वास मोजले आणि जर्नलमध्ये पंधरा लिहिले.

"चौदा लिही," शेजारची रोशनी म्हणाली. "यंत्र चौदावरच लावलंय. जर्नल पुस्तकात पाहून भरायचं असतं बापा, मोजून नाही."

अन्विताने पुन्हा मोजले. पंधराच आले. तिने धोटे सरांना सांगितलं.

"गेडाम, त्यात एक श्वास तुझाच मोजलास वाटतं!" सर म्हणाले. वर्ग हसला. "थांब, यंत्रच बंद करतो. श्वासाचं केंद्र मेंदूच्या तळाशी असतं. ते मेलं की छाती आपणहून हलत नाही. सगळ्यांनी नीट पाहा."

यंत्राचा आवाज थांबला. अन्विता सेकंद मोजू लागली. एकेचाळिसाव्या सेकंदाला त्या माणसाची छाती सावकाश वर आली आणि खाली गेली.

सरांनी घाईने यंत्र सुरू केलं.

"सर, आता किती लिहू?"

सर त्या माणसाच्या डाव्या हाताकडे पाहत होते. चार वर्षं प्रत्येक बॅचला त्यांनी त्याच हातावर चिरा देऊन टाके घालायला शिकवलं होतं, आणि मेलेल्याला बधिर करावं लागत नाही, हेही दर वर्षी न चुकता सांगितलं होतं.