यूरे ग्रुबिचची जागा

हॅरिंग्टन साहेबांनी डब्याकडे बघितलं आणि खुर्ची जरा मागे सरकवली. डब्यात यूरे ग्रुबिचची राख होती. डबा त्याच्या मुलीच्या, नेडाच्या मांडीवर होता.

"नाही जमायचं, नेडा," साहेब म्हणाले. "खाणीच्या पाण्यात बाहेरचं काही टाकायला बंदी आहे. पाणी दूषित होतं."

आपण काय बोलून गेलो ते त्यांनाही कळलं असावं. ते खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर ते पाणी पसरलेलं होतं, मैलभर लांब, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचं. तांबं परवडेनासं झालं तेव्हा कंपनीने ही उघडी खाण सोडून दिली आणि उपसा थांबवला. तेव्हापासून पाणी खडकातलं विष पोटात घेऊन चढत होतं.

नेडा साहेबांच्या हाताखाली याच पाण्यावर पाखरं हाकलायच्या कामावर होती. एका हिवाळ्यात वादळात सापडलेले पांढरे रानहंस इथे उतरले होते. ब्यूट शहराच्या आसपासची सगळी तळी गोठली होती, हे एकच तेवढं उघडं. नंतर हंसांची मढी जाळ्याने ओढून काढताना नेडाही होती. त्यांचे घसे आतून भाजले होते. त्यानंतर ती बंदूक घेऊन काठावर बसायची. एखादं बदक जरी टेकलं तरी त्याच्या शेजारी बार टाकायची आणि ते उडेपर्यंत थांबायची नाही.

आणि आता तिला बापालाच या पाण्यात सोडायचं होतं.

यूरे याच खाणीत शॉवेल चालवायचा. दुमजली घराएवढं यंत्र ते, एका घासात ट्रकभर डोंगर उचलणारं. खाण रुंद होत गेली तशी पूर्वेकडची क्रोएशियन वस्ती तिच्या पोटात गेली. घरं गेली, शाळा गेली, लग्नांत नाचायचा हॉल गेला. ग्रुबिचांचं घरही त्यातच गेलं. नेडा तेव्हा जन्मलीही नव्हती.

म्हातारपणी दर रविवारी प्रार्थना आटोपली की यूरेला खाणीच्या काठावर यायचं असे. कठडा धरून तो खाली पाण्याच्या मधोमध बोट दाखवायचा. "तिथं, पोरी. माझं सगळं तिथं आहे." त्याचे डोळे भरून यायचे. नेडा त्याच्या पाठीवर हात ठेवायची. फुफ्फुसं निकामी होऊन तो इस्पितळात पडला, तेव्हाही त्याने एवढंच मागितलं. मला तिथं नेऊन टाक.

साहेबांनी तिला समजावून सांगितलं. दुःख कळतं, पण कायदा कायदा आहे. भलतंसलतं काही केलं तर नोकरी राहणार नाही, आणि या वयात दुसरी कोण देणार? नेडाने मान हलवली. आजवर तिने कामावरचा एकही नियम मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी कामावर आली आणि पाण्याचे नमुने घ्यायची होडी घेऊन सरळ मधोमध गेली. राख क्षणभर वर तरंगली, मग तांबूस होऊन खाली गेली. नेडाने येत होती तेवढी क्रोएशियन प्रार्थना म्हटली. "घरी पोचलात, बाबा," ती म्हणाली.

परतली तेव्हा हॅरिंग्टन साहेब धक्क्यावर उभे होते. त्यांनी हात पुढे केला. तिने बंदूक आणि किल्ल्या त्यांच्या हातात ठेवल्या. तिला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. उलट बाप गेल्यापासून पहिल्यांदा छाती मोकळी झाली होती.

तिथून ती येला आत्याकडे गेली. येला ही यूरेची धाकटी बहीण. भावाच्या मातीला ती आली नव्हती. गुडघे दुखतात, असा निरोप तिने पाठवला होता. भावाबहिणीचं फारसं पटत नसे, एवढंच नेडाला ठाऊक होतं.

आत्याने कॉफी ओतली, अक्रोडाचा गोड पाव कापून पुढे ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"कुठे टाकलीस म्हणालीस?"

"मधोमध. सगळ्यात खोल आहे तिथं. आपलं घर होतं त्या जागी."

आत्याने सुरी खाली ठेवली.

"घर तिथं कुठलं, नेडा? घर वर होतं, काठाजवळ. जमीनच खणून नेली, तिथं आता नुसती हवा आहे." तिने ताटली नेडाकडे सरकवली. "आणि ते पाडलं कुणी, ते सांगितलं का त्याने तुला? पाळी दुसऱ्याची होती. याने मागून घेतली. म्हणाला, त्या गड्याला नीट जमायचं नाही. आई रस्त्यापलीकडे उभी राहून बघत होती. संध्याकाळी हा शीळ वाजवत जेवायला आला."

नेडाने कप खाली ठेवला.

"मग तिथं काय आहे, आत्या?"

"त्याचं शॉवेल. बाहेर काढायचा खर्च परवडत नाही म्हणून कंपनीने ते तळाशीच सोडलं आणि पंप बंद केले. पाणी त्याच्या टपावरून गेलं, त्या दिवशी मी माझ्या भावाला जन्मात पहिल्यांदा रडताना पाहिलं."