शैलजाचा गाल

स्टोव्हचा भडका उडाला आणि चिपळूणच्या शैलजाचा उजवा गाल भाजला. जखम भरली, पण कातडी आक्रसली. तोंड नीट उघडेना, हसणं तर दूरच.

"तुमच्याच पोटावरची चरबी गालात भरू. तिच्यातल्या पेशींनी कातडी हळूहळू मऊ होते," डॉक्टर म्हणाल्या. शैलजा बिचकली, पण तिच्या नणंदेने, सुमीने, तिला तयार केलं.

काही महिन्यांनी तपासताना डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. शैलजाने भीत भीत ओठ जेमतेम विलग केले.

शेजारी उभी सुमी म्हणाली, "वहिनी, माझ्या वाटणीचे मोदक पळवायचीस ना? ते सगळे गालावर आले बघ!"

शैलजा फस्सकन हसली. गाल ताणला, पण दुखला नाही. मग ती इतकी मोठ्याने हसली, की बाहेरचे पेशंट दारातून डोकावले.